पोट आणि पिशवी



हे लिहिणारे आम्ही हुबळी-धारवाडातल्या मंडळीचे तीन स्वयंसेवक आहोत. उपासनेआधी खुर्च्या मांडायच्या, उपासनेनंतर चहा वाटायचा, ख्रिस्तजन्माच्या दिवसांत घरोघरी गायनाला जायचे, एवढीच आमची सेवा. आठवड्याचे इतर दिवस आम्ही तिघेही नोकरी करतो. आज लिहायचे आहे ते नोकरीच्या जागी फुकट मिळणाऱ्या गोष्टींविषयी. उपदेश म्हणून हे वाचू नये. यात आमचा स्वतःचा हिशेबही आहे, आणि तो फारसा चांगला नाही.

मागच्या पावसाळ्यात, आमच्यापैकी दोघे ज्या खासगी कार्यालयात काम करतात तिथला सकाळचा मोफत नाश्ता बंद झाला. कार्यालय लहान, साठेक माणसे. सोमवार ते गुरुवार इडली नाहीतर उप्पीट, शुक्रवारी गिरमिट आणि मिरची भजी. दिवसभर चहाचे मशीन, शेजारी बिस्किटांचे डबे, टोपलीत केळी. नाश्ता सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी मालकांचे आभार मानले. चारसहा महिने गेले आणि ते आभार मागे पडले. कोणीतरी मुलाच्या शाळेच्या डब्यासाठी दोन इडल्या बाजूला काढल्या. दुसऱ्याने ते पाहिले आणि चार काढल्या. केळी अर्ध्या डझनाने पिशवीत जाऊ लागली. चहाच्या मशीनजवळच्या साखरेच्या पुड्या कोणाच्या स्वयंपाकघरात जातात हे सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. साडेनऊला येणाऱ्यांना भांडे रिकामे दिसू लागले, मग तेही नऊला येऊन दुप्पट वाढून घेऊ लागले. व्यवस्थापकांनी आधी सूचना लावली, मग कुपने काढली, आणि शेवटी सगळेच बंद केले. चहाचे मशीनही गेले.

आमचे काय बिघडले? काहीच नाही. आम्ही घरून खाऊन निघू लागलो. पण कार्यालयाची साफसफाई करणाऱ्या एक अक्का आहेत. त्या शहराबाहेरच्या गावाहून पहिल्या बसने येतात आणि सात वाजता हातात झाडू घेतात. त्यांच्या दिवसाचे पहिले अन्न म्हणजे तो नाश्ता होता. त्यांनी कधीही डबा भरून नेला नव्हता. नाश्ता बंद झाल्यावर त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. कधी रोटी-चटणी बांधून आणत, कधी दुपारपर्यंत तशाच राहत. हे आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. रविवारी मंडळीत भुकेल्यांसाठी प्रार्थना करणारे आम्ही, आमच्या टेबलाखालून केर काढणारी बाई उपाशी आहे हे आम्हाला तीन आठवडे दिसले नाही.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून जात नाही.

हे फक्त लहान पगाराच्या माणसांचे वागणे आहे असे कोणी समजू नये. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली एक बातमी जगभर गेली. फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीने लॉस एंजेलिसमधल्या सुमारे दोन डझन कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. ज्यांच्या कार्यालयात जेवणघर नाही त्यांनी बाहेरून जेवण मागवावे म्हणून कंपनी पैसे देत असे, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला प्रत्येकी २५ डॉलर. या लोकांनी त्यातून टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, दारूचे पेले असल्या वस्तू घेतल्या. त्यातल्या एकाचा वार्षिक पगार चार लाख डॉलरच्या घरात होता असे बातमीत होते. चार लाख डॉलर मिळवणारा माणूस टूथपेस्टसाठी नोकरी घालवतो, तेव्हा तिथे गरज शिल्लक नसते. जे फुकट आहे ते सोडायचे नाही, एवढी सवयच उरलेली असते.

पवित्र शास्त्र याविषयी गप्प आहे असे आम्हाला वाटत होते. शोधायला बसलो तेव्हा आश्चर्य वाटले. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी दोन लहान वचने आहेत, आपण ती वाचून पुढे जातो. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर मन तृप्त होईपर्यंत द्राक्षे खायला तुला मोकळीक आहे, पण आपल्या भांड्यात भरून न्यायची नाहीत. उभ्या पिकातून गेलास तर हाताने कणसे खुडायला हरकत नाही, पण विळा लावायचा नाही. नियमशास्त्र भुकेल्याचा हात अडवत नाही. उलट मळ्याच्या मालकालाच सांगते, याला खाऊ दे. पण पोट आणि पिशवी यांच्यामध्ये ते एक रेघ ओढते. पोटाला मर्यादा असते. पिशवीला नसते, एक भरली की दुसरी आणता येते.

मान्नाचेही तसेच. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकाला माणशी एक ओमर सांगितला होता. ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवला त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. अन्न तेच होते, देणारा तोच होता. उद्याही तो देईल यावर विश्वास नव्हता, म्हणून ते नासले.

आता आपल्या गावाकडे वळू. हुबळी म्हणजे रेल्वे. इथला रेल्वे कारखाना १८८५ सालचा, सदर्न मराठा रेल्वेच्या काळातला. १ एप्रिल २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आपल्या शहरात आहे, आणि १५०७ मीटर लांबीचा फलाट पाहायला पाहुणे मुद्दाम थांबतात. मिरज, बेळगाव, सोलापूर या बाजूंची किती तरी मराठी ख्रिस्ती घराणी या रेल्वेच्या भाकरीवर इथे रुजली. त्या घरांत ‘पास’ हा शब्द मुले लहानपणीच शिकतात. अराजपत्रित कर्मचाऱ्याला पाच वर्षांची नोकरी होईपर्यंत वर्षाला पासचा एक संच मिळतो, त्यानंतर तीन. शिवाय भाड्याच्या एक तृतीयांशात प्रवासाची सवलत असते, तिला सगळे पीटीओ म्हणतात. पास कोणासाठी, कुटुंबात कोण मोडते, अवलंबून कोण, हे सारे १९८६ च्या पास नियमांत लिहिलेले आहे. ही मेहेरबानी नव्हे. बारा महिने तेरा काळ, दिवाळी-नाताळलाही गाडी चालवणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. तो हक्क वापरून कोणी कुटुंबाला गावी नेऊन आणले तर आम्हाला त्यात आनंदच आहे.

पण त्याच पासवर भाच्याला मुलगा म्हणून बसवणेही आपण ऐकलेले आहे. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे काका रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता, वय स्वतःच्या मुलाएवढेच. सगळे मुंबईला निघाले होते. घरात म्हणणे पडले, पासवर मुलाचे नाव आहेच, मुलगा काही येत नाही, याला न्या, कोण विचारतो? काकांनी खिशातून पैसे काढून भाच्याचे पूर्ण तिकीट घेतले. त्या महिन्यात घरात ओढाताण झाली. आम्ही विचारले, “काका, खरेच कोणी विचारले असते का?” ते म्हणाले, “टीसीनं नसतं विचारलं. पण पोरानं जन्मभर लक्षात ठेवलं असतं की मामा गाडीत बसताना त्याला दुसऱ्याचं नाव घ्यायला सांगत होता.”

फुकटाची किंमत कोणीतरी देतच असते. इथे ती एका लहान मुलाच्या खरेपणाने दिली गेली असती.

शास्त्रात या विषयाची दोन चित्रे समोरासमोर ठेवता येतात. पहिले १ शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक होते. वेदीवरच्या अर्पणात याजकाचा वाटा असतो, ऊर आणि उजवी मांडी, हे लेवीयात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे मांस खाणे हा त्यांचा गुन्हा नव्हता. त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, शिजत्या भांड्यात घाली आणि काट्याला जे लागेल ते घेऊन जाई. पुढे पुढे तर परमेश्वराचा वाटा वेदीवर चढण्याआधीच कच्चे मांस मागू लागले, नाही म्हणणाऱ्याला जबरदस्तीची धमकी देऊ लागले. त्याचा परिणाम काय झाला हेही त्याच अध्यायात आहे. लोकांच्या मनातून परमेश्वराच्या अर्पणाचा मान गेला. नेमून दिलेला वाटा सोडून काटा हातात घेतला की असे होते.

दुसरे चित्र नहेम्याच्या पाचव्या अध्यायात आहे. नहेम्या यहूदाचा सुभेदार होता. सुभेदाराला प्रजेकडून अन्नाचा भत्ता घेण्याचा अधिकार होता, आणि आधीच्या सुभेदारांनी भाकरी, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल रुपे घेतले होते. नहेम्याने बारा वर्षे तो भत्ता घेतला नाही, त्याच्या भाऊबंदांनीही घेतला नाही. आणि त्याच्या पंगतीला रोज दीडशे माणसे असत! एक बैल, सहा निवडक मेंढरे आणि पाखरे रोज शिजत. हक्क असून तो का सोडला? लोकांवर आधीच जड ओझे आहे हे त्याला दिसत होते आणि त्याला देवाचे भय होते. हफनीने भांड्यात पाहिले. नहेम्याने भांडे भरणाऱ्या माणसाकडे पाहिले.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही असे एक उदाहरण आहे. विल्यम केरी यांचे नाव आपण मराठी शास्त्राच्या संदर्भात घेतो. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश. ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत, आणि तिथला पगार त्या काळी मोठा होता. पण श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचा करार असा होता की मिळेल ते सामाईक निधीत जायचे आणि प्रत्येकाने त्यातून साधा खर्च घ्यायचा. केरींनी जवळजवळ सगळे त्या निधीत घातले. छापखाना आणि शाळा त्या पैशांवर चालल्या.

इथे कोणी म्हणेल, आणि आमच्या तरुण संघात हे म्हटलेही गेले: “कंपनी आमच्याकडून दहा तास काम घेते, पगार वाढवत नाही, मग दोन केळी घेतली तर बिघडले कुठे? मोठे लोक केवढे खातात!” या बोलण्यात सत्याचा भाग आहे, तो आम्ही नाकारत नाही. काही ठिकाणी रात्रीचे जेवण फुकट देतात ते माणूस रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसावा म्हणून. अशा ताटासमोर दानीएलासारखे थोडे सावध बसलेले बरे. मजुरांची अडकवलेली मजुरी परमेश्वराच्या कानी ओरडते असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा पगार कमी असेल तर तो मागावा, एकत्र येऊन मागावा, उघडपणे मागावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद झाली, ती उघड मागण्यांतून आणि कायद्यातून झाली. कोणी पिशवीतून केळी नेल्यामुळे झाली नाही. आणि मोठ्यांचे म्हणाल तर संसदेच्या उपाहारगृहातल्या स्वस्त जेवणावर आपण वर्षानुवर्षे बोट दाखवले. तिथले अनुदानही २०२१ च्या जानेवारीत बंद झाले. आता दाखवायला ते बोटही राहिले नाही. चोरून घेतलेल्या केळ्याने मालकाचा अन्याय कमी होत नाही. अक्काचे ताट मात्र रिकामे होते.

आता आमचा हिशेब.

तीन वर्षांमागे ख्रिस्तजन्माच्या गायनासाठी आम्हाला गीतांच्या पत्रिका हव्या होत्या. दीडशे प्रती, प्रत्येकी चार पाने. झेरॉक्सच्या दुकानात विचारले तर रक्कम बरीच झाली. आमच्यापैकी एकाने संध्याकाळी सगळे गेल्यावर कार्यालयाच्या प्रिंटरवर त्या छापल्या. रंगीत तारा, मेंढपाळ, सगळे. मंडळीत कौतुक झाले, “या मुलांनी एक रुपया खर्च न करता केले!” आम्ही मान खाली घालून हसलो. पुढच्या वर्षीही तसेच छापले, त्याच्या पुढच्या वर्षीही. प्रभूचे काम आहे, या एका वाक्याने आमच्या मनाचे सगळे दरवाजे बंद केले होते. नाश्त्याच्या इडल्या पिशवीत जाताना आम्हाला दिसत होत्या. स्वतःच्या पिशवीत गव्हाणीचे चित्र असल्यामुळे ती पिशवी वाटलीच नाही.

अक्काची गोष्ट समजल्यावर आम्ही तिघे एका संध्याकाळी उणकल तलावाकाठी बसलो आणि मागचा हिशेब मांडला. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय चौपट परत करतो. आमच्यात तेवढी हिंमत नव्हती, पण जेवढे घेतले तेवढे तरी द्यावे असे ठरले. कागदाची रिमे आणि शाईचे पैसे घेऊन आम्ही दोघे व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी आधी काय चालले आहे ते समजून घेतले, मग म्हणाले, “अहो, विचारलं असतं तर मीच छापा म्हणालो असतो.” ते वाक्य आम्हाला रागावण्यापेक्षा जास्त लागले. विचारले असते तर ती देणगी झाली असती. न विचारता घेतल्याने आम्ही स्वतःला चोर केले आणि त्यांना देण्याचा आनंद मिळू दिला नाही.

त्याच बैठकीत आम्ही अक्कांचा विषय काढला. सर्वांसाठी नाश्ता पुन्हा सुरू करणे त्यांना जमणार नव्हते. पण सफाई करणाऱ्या आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासाठी सकाळचा नाश्ता आणि चहा सुरू झाला, तोही टोपलीत न ठेवता त्यांना हातात देऊन. एवढेच झाले. झालेले नुकसान सगळे भरून आले असे आम्ही म्हणणार नाही.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो आम्हाला मंडळीतल्या एका मावशींनी विचारला. “रूथनं नाही का उरलेलं घरी नेलं?” खरे आहे. रूथच्या दुसऱ्या अध्यायात बवाजाने तिला भाजलेले धान्य वाढले, ती तृप्त झाली आणि उरलेले तिने सासूसाठी, नामीसाठी नेले. मग तिची पिशवी वेगळी कशी? आम्ही विचार केला तो असा. तिला ते देणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिले होते. ते तिच्या वाट्यातले होते, दुसऱ्याच्या पंगतीतले नव्हते. आणि घरी एक उपाशी म्हातारी होती. म्हणून घरच्या मुलांसाठी स्वतःच्या ताटातली इडली पदरात बांधणाऱ्या बाईकडे कोणी या लेखाचा दाखला देऊन बोट दाखवू नये. तसे केले तर आम्ही हे लिहिले नसते तर बरे झाले असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरी डबा भरलेला आहे.

आमच्यापुरते आम्ही तीन प्रश्न ठरवले आहेत. हे देणाऱ्याने ज्यासाठी दिले त्याचसाठी मी घेतो आहे का? तो समोर उभा असता तर मी असेच घेतले असते का? आणि माझ्यामागे रांगेत कोण आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी माणूस प्रामाणिक होतो. ख्रिस्ती माणसाने तिसरा विचारल्याशिवाय थांबू नये. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी कोणी भरल्या पोटी आणि कोणी उपाशी असे होत होते, आणि पौलाने त्यांना कडक शब्दांत लिहिले ते याच तिसऱ्या प्रश्नासाठी. त्याच पौलाने आपल्याला खाण्यापिण्याचा हक्क आहे हे आधी नीट सिद्ध केले आणि मग तो हक्क वापरला नाही, हाताने तंबू शिवले.

उपासनेनंतरच्या चहालाही हे लागू आहे. दोन रविवारांपूर्वी बिस्किटांचे ताट मागच्या बाकांपर्यंत पोचण्याआधी रिकामे झाले. मागच्या बाकांवर कोण बसते ते आपल्याला ठाऊक आहे. येत्या रविवारपासून आम्ही ताट मागून पुढे आणणार आहोत. पुढे बसणाऱ्यांनी राग मानू नये.

यंदाच्या गायनाच्या पत्रिका दुर्गदबैलजवळच्या दुकानात पैसे देऊन छापू. त्यासाठी वर्गणीचा डबा दारापाशी ठेवला आहे.

हे प्रभो, रोजची भाकर तू देतोस. ती घेताना आमचे हात उघडे राहू दे, आणि आमच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळून पाहण्याची आठवण आम्हाला दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.